लोधिवलीची, साजगावची, माथेरानची

माधवी कार्तिकात गेली. बाग गेल्याचं कळलं ते माघात, एका रविवारी सकाळी. तेही वाल्मिकला नाही, हर्षलाला कळलं.

हर्षला ही त्याची एकुलती मुलगी, कर्जतला योगेंद्रला दिलेली. आई गेल्यापासून ती दर रविवारी डबा घेऊन खालापूरला यायची. त्या दिवशी ती फाटकातच थांबली. वाल्मिक अंगणात पाइप धरून उभा होता. समोर जमिनीवर लोळलेली पिवळी, करपलेली पानं होती आणि त्यांच्यावर पाण्याची धार चालू होती.

"पप्पा, कशाला पाणी घालताय?"

"बागेला."

"कुठंय बाग?"

वाल्मिकनं पाइप खाली केला आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. कुंपणाची जास्वंद तेवढी उभी होती. बाकी सगळं झोपलं होतं, वाळलं होतं, नाहीतर नव्हतंच.

"तरी मी दोन टाइम घालतोय," तो म्हणाला.

हे खरं होतं. दवाखान्यात माधवी शेवटचं धड बोलली ते बागेबद्दलच होतं. "आता पाणी नका घालत बसू तिला," ती म्हणाली होती. वाल्मिकला वाटलं, आपल्याला त्रास नको म्हणून बोलतेय. अशा वेळीही ही आपलीच काळजी करतेय याचं त्याला इतकं वाईट वाटलं, की तेरावं झाल्यापासून त्यानं सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. एक दिवस चुकवला नाही.

हर्षला पायरीवर बसली. म्हणाली, "योगेंद्र म्हणतच होते. अंगणात पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ. गाडी आत येईल, तुमच्या पायाला चिखल लागणार नाही."

"मी बाग करतो परत."

"तुम्ही?"

"मी."

"एका झाडाचं नाव येतं का तुम्हाला?"

वाल्मिकनं विचार केला. "लोधिवलीची," तो म्हणाला.

आई गेल्यापासून हर्षला पहिल्यांदा हसली. कारण माधवी झाडांना तशीच हाक मारायची. झाड ज्या गावातून आलं त्या गावाचं नाव त्याला. "साजगावची फुटली," "लोधिवलीचीला कळी आली," असं ती सकाळी चहा देताना सांगायची आणि वाल्मिक पेपरमधून डोकं वर न काढता "बरं" म्हणायचा. तो साजगावला कागदाच्या कारखान्यात चौतीस वर्षं माल तपासायच्या खात्यात होता. नमुना घ्यायचा, पिशवीत भरायचा, चिठ्ठी लावायची, वहीत लिहायचं. पाळी करून आल्यावर अंगणात काय फुटलंय ते बघायची त्याला कधी गरज वाटली नाही. ती बघत होती ना.

"अक्षय्य तृतीयेपर्यंत बघू," हर्षला म्हणाली. "तोवर काही हिरवं दिसलं तर ठीक. नाहीतर ब्लॉक."

वाल्मिकला एक गोष्ट पक्की माहीत होती. बाग अशी हवी की एकदा लावली की ती दरवर्षी आपली आपण उगवली पाहिजे. दरवर्षी लावायला आपण असूच याची त्याला खात्री नव्हती.

*

काम कुठलंही असो, आधी मशीन रिकामं करायचं, ही कारखान्यातली सवय. वाल्मिकनं अंगण हातभर खोल खणून काढलं. माती न्यायला शेजारचा गजा टेंपो घेऊन आला. गजाची शेती गावाच्या खालच्या अंगाला होती आणि त्याची राबाची जागा एका कोपऱ्यात खचली होती. राब म्हणजे भाताचं रोप करायची जागा. उन्हाळ्यात तिच्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा पसरून भाजतात आणि मग तिथं भात पेरतात. खचलेल्या कोपऱ्यात भर घालायला गजाला माती हवीच होती.

"दादा, यात कांदे हायत रं," गजा फावड्यानं माती परतत म्हणाला. "न गड्डे पण."

"मेलेले हायत. टाक."

"वहिनींचे हायत."

"म्हणून तर म्हणतो, टाक लवकर."

गजानं त्याच्याकडं बघितलं आणि टेंपो भरला.

दुसऱ्या दिवशी वाल्मिक खोपोलीला वाचनालयात गेला. तिथं पुस्तकं देणाऱ्या प्राचीनं विचारलं, "काय वाचणार काका? कथा, कादंबरी?"

"एकदा लावली की परत लावायला लागत नाय, अशी बाग."

प्राचीनं कपाटाच्या तळातून एक पुस्तक काढलं. त्याला कव्हर नव्हतं, पहिली चार पानं नव्हती, त्यामुळं ते कुणी लिहिलंय हे कळत नव्हतं. पण ज्यानं लिहिलं होतं तो शिस्तीचा माणूस होता. पहिलं प्रकरण जागा साफ करण्याचं. ते झालंच होतं. दुसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं: 'आपली बाग आखण्यापूर्वी इतरांच्या बागा पाहाव्यात. सोबत वही, पेन्सिल व मोजपट्टी ठेवावी. वाफ्याची लांबी-रुंदी लिहून घ्यावी. मातीचे निरीक्षण करावे.'

वाल्मिकला हे फार आवडलं. ही त्याला समजणारी भाषा होती. त्यानं तिसरं प्रकरण उघडलं नाही. मशीनच्या पुस्तकातही पहिली पायरी झाल्याशिवाय दुसरी वाचायची नसते, नाहीतर माणूस गोंधळतो आणि हात अडकतो.

बघायच्या बागा कुठल्या, हा प्रश्नच नव्हता. नावं माधवीनंच ठेवली होती.

*

लोधिवली हे माधवीचं माहेर. तिचा भाऊ किशोर तिथं जुन्या हायवेपासून आत राहतो. वाल्मिक न कळवता गेला. किशोर कामावर गेलेला, घराला कुलूप. पण बागेला कुलूप नसतं. घराच्या बाजूला विहिरीच्या पाटाशी दगड लावलेला एक लांब वाफा होता आणि त्यात काहीच नव्हतं. चार वाळक्या काड्या.

वाल्मिक बराच वेळ तिथं उभा राहिला. मग त्याला कुतूहल वाटायला लागलं. आपली मेली ती पाण्यानं असेल, नाहीतर आपल्या हातानं. पण ही का मेली?

त्यानं टेप काढला. लांबी अठरा फूट, रुंदी साडेतीन. खिशातून प्लास्टिकची छोटी पिशवी काढून तीत मूठभर माती भरली, चिठ्ठी लावली: लोधिवली, क्र. १. वहीत लिहिलं, 'लोधिवलीचीही मेली.'

रस्त्यावर एक मोटरसायकल थांबली होती. तिच्यावरचा माणूस टक लावून बघत होता.

"काय काम चाललंय?"

"बाग बघतोय," वाल्मिक म्हणाला.

त्या माणसानं रिकाम्या जमिनीकडं बघितलं, टेपकडं बघितलं, मातीच्या पिशवीकडं बघितलं. "बरं बरं," म्हणाला, आणि गाडी अशी पळवली की धूळ उडाली.

संध्याकाळी किशोरचा फोन आला.

"दाजी, तुमी आलेलाव म्हणं."

"आलेलो. तू नव्हतास. किशोर, अरे ताईनं तुझ्याकडनं नेलेलं ते झाड..."

"ते असूदे. रस्ता येतोय काय?"

"कुठला रस्ता?"

"दाजी, बाहेरच्याला सांगू नका, बरोबर हाय. पण मी मेव्हणा हाय तुमचा. मोजणी कुठवर येतीय तेवढं बोला. विहीर वाचतीय काय?"

"मी बाग बघाय आलेलो रं."

"तिथं बाग कुठं हाय आता?" किशोर म्हणाला.

"तेच तर मी तुला इचारतोय!"

"नका सांगू," किशोर दुखावून म्हणाला. "ताई असती तर बोलली असती."

*

साजगावला वाल्मिकला चौतीस वर्षं ओळखणारा माणूस होता. पदू. एकाच खात्यात, एकाच पाळीत दोघांनी जन्म काढला होता. पदूच्या बायकोनं माधवीला एक पिवळी फुलणारी लिली दिली होती, तीच साजगावची.

पदू दारातच उभा होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट. आत चहा, भजी आणि लाडूसुद्धा. चौतीस वर्षांत पदूनं वाल्मिकला एकदाही लाडू दिला नव्हता.

"ये, ये. बस. पंखा लावू?"

"बाग बघू दे आधी."

"बघ की! सगळं तुझंच हाय."

मागच्या अंगणात लिलीचा वाफा होता, म्हणजे नव्हता. मोकळी तांबडी माती होती. पण तिच्या चारी बाजूंनी आंब्याची रोपं उभी होती, तीस-चाळीस, गुडघ्याएवढी, हात-हात अंतरावर. घाईत लावलेली असावीत. काहींच्या मुळांवरची काळी पिशवीसुद्धा काढली नव्हती.

"ही कधी लावलीस?"

"जुनी हायत," पदू म्हणाला.

"पिशवीत हायत, पदू."

"पिशवीत जुनी हायत."

वाल्मिकनं टेप काढला. पदूनं धावत जाऊन दुसरं टोक धरलं. धरताना त्यानं ते कुंपणाच्या बाहेर दोन फूट नेलं. वाल्मिकनं ते परत आत घ्यायला लावलं.

"पदू, खरं सांग. तुझी लिली कधी मेली?"

"लिलीला काय मिळतंय?"

"मिळतंय म्हणजे?"

"आंब्याला भरपाई मिळते, नारळाला मिळते. फुलाला काय नाय मिळत असं ऐकलं मी. म्हणून तिकडं लक्षच नाय दिलं." पदू जवळ आला आणि हळू बोलला, "वाल्या, एका पाळीतली माणसं आपण. रस्ता घरावरनं जातोय का मागनं?"

"अरे मी आमच्या हिच्या झाडांसाठी फिरतोय! दुसरं कायपण नाय!"

पदूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे ओले झाले होते. "मला कळतं रं. शपथ घातलीय तुला साहेबांनी."

वाल्मिकनं मातीचा नमुना घेतला, लाडू मात्र घेतले नाहीत. वहीत लिहिलं, 'साजगावचीही मेली.' आणि त्याखाली, 'रोग असावा. कुठपर्यंत पसरलाय?'

परतताना तो चौकजवळच्या नर्सरीत शिरला. अक्षय्य तृतीयेला तीन आठवडे उरले होते. काहीतरी हिरवं घरी न्यायला हवं होतं. नर्सरीत हिरव्या जाळीखाली रिकामे कप्पे होते आणि एक माणूस खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता.

"एक रोप नाय उरलं, काका. आंबा संपला, नारळ संपला, काल तर लोकांनी शोभेची पण नेली. मोजणी हाय ना."

"कसली मोजणी?"

"कोण तरी म्हातारा फिरतोय टेप घेऊन. बोलत कायच नाय, माती घेतो न जातो. भारी पोचलेला माणूस दिसतोय."

वाल्मिकनं हातातला टेप सावकाश पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन लावली.

*

उरली माथेरानची. नेरळवरून टॅक्सीनं दस्तुरीपर्यंत आणि पुढं चालत. वाल्मिक पंचवीस वर्षांनी वर गेला. तांबड्या धुळीत घोड्यांच्या मागं चालताना त्याला आठवलं, बचत गटाच्या सहलीहून आली तेव्हा माधवीच्या पिशवीत ओल्या रुमालात काहीतरी बांधलेलं होतं. "काय आणलंस?" त्यानं विचारलं होतं. "माथेरानची," ती म्हणाली होती. त्याला चिक्की वाटली होती.

सहलीच्या हॉटेलचं नाव हर्षलाला माहीत होतं. बागेचं काम सोनुबाई बघायची, साठीची, काटक बाई. ती झाडाच्या बुंध्याशी पाला गोळा करत होती. वाल्मिकनं आपली ओळख सांगितली. माधवीचं नाव घेतलं.

"बचत गटाची माधवी? चोट्टी?" सोनुबाई आनंदानं म्हणाली.

"काय?"

"मागून न्यायचं झाड लागत नाय, असं तिचं म्हणणं. माज्यासमोर बसली, न्हाणीचं पाणी जातं तिथं खुरपत होती. मी म्हटलं, बाई, दिवसाउजेडी चोरतेस काय? तर म्हणते, मावशी, तुमी जरा तिकडं बघा." सोनुबाई हसली. "मी बघितलं तिकडं. न दुसऱ्या वर्षी आली ती पिशवीभर सोनटक्का घेऊन. म्हणाली, आता मी तिकडं बघते. कशी हाय?"

वाल्मिकनं सांगितलं.

सोनुबाई खाली बसली. त्यानं टेप काढला, परत ठेवला. थोड्या वेळानं ती उठली आणि त्याला एका वाफ्यापाशी घेऊन गेली. दगडांची कड, मधे मोकळी माती, वर वाळका पाला.

"ही बघा. इथनं नेलेली."

वाल्मिकनं वही उघडली आणि लिहायला घेतलं, 'माथेरानचीही मे...'

"काय लिवता?"

"मेली म्हणून. लोधिवलीला पण मेलीय, साजगावला पण. रोग हाय कसला तरी. नमुने घेतलेत मी."

सोनुबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं ती बहुतेक मुंबईहून आलेल्या गिऱ्हाइकांकडं बघत असावी. "भाऊ, तुमी गाववाले ना? पहिल्या पावसात वर येतात ती शेवळं खाता?"

"खातो की."

"उन्हाळ्यात कुठं असतात शेवळं?"

"जमिनीत."

"मरतात?"

वाल्मिकनं वही मिटली.

सोनुबाई गुडघ्यावर बसली, दोन बोटं मातीत खुपसली आणि वरची माती बाजूला केली. खाली एक कांदा होता, मुठीएवढा, घट्ट. त्याच्या डोक्यावर तांबूस टोक आलेलं होतं. "झोपलीय. कार्तिकात झोपते, वैशाख संपता संपता उठते. असं लाल फूल येतं, चेंडूएवढं. थंडीत तिला पाणी पण नाय लागत. घातलं तर कुजते. तुमी घातलंत काय?"

"रोज," वाल्मिक म्हणाला. "दोन टाइम."

"अगं आई. तिनं सांगितलं नाय तुमाला?"

"सांगितलं होतं."

घोड्याच्या घुंगरांचा आवाज जवळ आला आणि लांब गेला. सोनुबाईनं कांद्यावर माती सारली. मग ती उठून त्याच्याकडं पाठ करून उभी राहिली.

"न्या," ती दरीकडं बघत म्हणाली.

"काय?"

"मी तिकडं बघतीय. न्या ना."

वाल्मिकनं जन्मात काही चोरलं नव्हतं. कारखान्यातून कागदाचा कपटासुद्धा नाही. तो तसाच उभा राहिला. सोनुबाईनं थोडं थांबून विचारलं, "झालं?"

"नाय. मी काय म्हणतो, तुमीच हातानं द्या ना."

"दिलेली लागत नाय!"

"पण मला नकोच," वाल्मिक म्हणाला, आणि तेव्हा त्याला स्वतःलाच ते लक्षात आलं. त्याचा चेहरा उजळला. "माजी सगळी हायत. कांदे, गड्डे, सगळे. कुजले असतील थोडे, पण हायत. गजाकडं! राबात!"

तो निघाला तेव्हा सोनुबाई अजून दरीकडंच बघत होती. "राबात?" तिनं मागं न वळता विचारलं. "चैत्रात?" पण वाल्मिक तोवर वळणापलीकडं गेला होता.

*

गजा वाल्मिकच्याच पायरीवर बसलेला सापडला. तो वाटच बघत होता.

"दादा, सगळ्या तालुक्याला म्हाईत, न शेजाऱ्याला नाय? माजं खालचं शेत जातंय काय रस्त्यात, तेवढं..."

"गजा, माती कुठं टाकलीस?"

"राबात. खचलेल्या कोपऱ्यात. सांगितलेलं तुला."

"राब?"

"परवाच भाजला. मस्त पेटला. यंदा वारा पण नव्हता."

वाल्मिक गजाच्या शेजारी बसला. त्यानं पिशवीतून वही काढली, मातीच्या पिशव्या काढल्या, ओळीनं पायरीवर मांडल्या. लोधिवली, क्र. १. साजगाव, क्र. २. मग सगळं गजाला पहिल्यापासून सांगितलं. पाण्याचं, पुस्तकाचं, टेपचं, सोनुबाईनं पाठ फिरवल्याचं. गजानं मधे एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाला,

"म्हंजी रस्ता येत नाय?"

"नाय."

"न मी चोवीस नारळ लावलं!" गजानं कपाळावर हात मारला. मग वाल्मिककडं बघितलं आणि हात खाली घेतला. "मी बोललेलो तुला, वहिनींचे हायत."

"बोललेलास."

त्या रात्री वाल्मिकनं पुस्तकाचं पाचवं, कंदांचं प्रकरण उघडलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: 'कंदवर्गीय झाडे हिवाळ्यात विश्रांती घेतात. पाने वाळली म्हणून ती मेली असे समजून नवशिके लोक ती खणून टाकतात. असे कदापि करू नये.' त्यानं पुस्तक मिटलं. सकाळी हर्षलाला फोन केला. "ब्लॉक टाकून घे," म्हणाला.

ब्लॉक अक्षय्य तृतीयेला आले. करड्या रंगाचे, कुंपणालगत छातीएवढे रचलेले. बसवणारा कारागीर लग्नसराईत गावी गेला तो परत आलाच नाही. वाल्मिकनं त्याला फोन केला नाही. हर्षलानं दोनदा केला. तो "उद्या येतो" म्हणाला.

*

वैशाख संपला आणि ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात गजा धापा टाकत फाटकात उभा राहिला.

"दादा, चल. आत्ता चल. लोक मला शिव्या घालतायत."

राबाच्या बांधावर आठ-दहा माणसं जमली होती. भाजलेली जमीन काळी राख होऊन पडली होती आणि तिच्या एका कोपऱ्यात, राखेतूनच, लाल चेंडू वर आले होते. पान नाही, फांदी नाही. जाड देठ आणि त्यावर लाल गोल फूल. वाल्मिकनं मोजले. अकरा होते. टेप न लावता मोजले.

"मोजणीसाठी लावलीस म्हणतायत!" गजा ओरडत होता. "अरं, कुणी राबात फुलं लावतं काय? आईशपथ, मी नाय लावली! आग वरनं गेली, कांदे खाली राहिले. मी काय करू?"

"नारळ कुणी लावले मग?" बांधावरून कुणीतरी म्हणालं.

"ते वायलं!"

वाल्मिक खाली उतरला. राखेत पाय घोट्यापर्यंत गेले. तो एका फुलासमोर बसला आणि जवळून बघत राहिला. पेपरमधून डोकं वर काढलं असतं तर अंगणात हे त्याला दरवर्षी दिसलं असतं. हे एक फूल नव्हतं, शेकडो बारीक फुलं होती, प्रत्येकाला पिवळी टोकं. किती आहेत? तो मोजायला लागला आणि चाळिसावर विसरला. परत मोजायला लागला.

"दादा, मी पेरू कुठं?" गजानं मागून विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"पेर की. हे काढ."

"काढू?" गजा थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं बांधावरून चार दगड आणले आणि त्या कोपऱ्याभोवती कडेनं ठेवले. "एवढ्यात नाय पेरत. रोप कमी पडलं तर तू बघ."

रविवारी हर्षला आली. वाल्मिक तिला राबावर घेऊन गेला. ती बांधावर बसली, पायातली सँडल काढून बाजूला ठेवली.

"माथेरानची," ती म्हणाली.

"हां."

"पप्पा, पुस्तक पूर्ण वाचलंत का?"

"पाचव्याची पहिली ओळ वाचली."

"फक्त ओळ?"

"पुरेशी होती."

श्रावणापर्यंत साजगावची पिवळी आली आणि लोधिवलीची पांढरी. ती सोनटक्का निघाली, संध्याकाळी वास गावच्या रस्त्यापर्यंत यायचा. भाताची लावणी झाली, तरी गजानं तो कोपरा तसाच ठेवला. बायका बघायला यायला लागल्या. गजा त्यांना नावं सांगायचा, बोट दाखवून, चुकत चुकत. एकदा वाल्मिक गेला तेव्हा दोन बायका वाफ्याशी बसल्या होत्या आणि गजा त्यांच्याकडं पाठ करून डोंगराकडं बघत उभा होता.

"काय बघतोस रं?"

"कायच नाय," गजा म्हणाला. "तू पण बघ."

वाल्मिक त्याच्या शेजारी उभा राहून डोंगराकडं बघायला लागला. मागं खुरप्याचा आवाज येत होता.

"तुला न्यायची तर घेऊन जा," गजा हळूच म्हणाला. "मी बघत नाय."

"आता नाय. पाचवं पुढं वाचलं मी. त्यात लिवलंय, झोपल्याशिवाय हलवायचे नायत."

"म्हंजी कधी?"

"कार्तिकात."

कार्तिकात माधवीचं वर्षश्राद्ध आहे. पुस्तक वाचनालयाला परत गेलेलं नाही, प्राचीचे दोन फोन येऊन गेले. ब्लॉक अजून कुंपणाला रचलेले आहेत. अंगण मोकळंच आहे, आणि वाल्मिक तिथं पाणी घालत नाही. कांदे गजाच्या राबात आहेत, ते घरी आणायचे राहिले आहेत.